त्याच अक्षांशावर

वसंत ऋतु केव्हां आला याविषयीं आपल्याकडे पंचांग आणि आंब्याचें झाड यांचा फारसा मतभेद होत नाहीं. अमेरिकेच्या उत्तर भागांतील मिनेसोटा राज्यांत मात्र या दोघांचें अगदीं वांकडें आहे. तेथील विद्यापीठांना मार्च महिन्यांत आठवडाभर सुट्टी असते आणि तिला वसंताची सुट्टी असें म्हणतात. त्या वेळीं तळीं गोठलेलीं असतात, रस्त्याच्या कडेला लोटलेले बर्फाचे ढीग धुरानें काळे पडलेले असतात, आणि झाडांकडे पाहिलें तर तीं पुन्हां कधीं काळीं पालवतील यावर विश्वास बसत नाहीं. त्यामुळें या सुट्टीच्या नांवाचा खरा अर्थ 'वसंत आला' असा नसून 'वसंत असेल तेथें जा' असा आहे, हें नवख्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षींच उमगतें.

माझ्या वर्गांतल्या तेथल्या मुली बहामा, मेक्सिको, जमेका हीं नांवें इतक्या सहजपणें घेत होत्या कीं पुण्याचीं माणसें महाबळेश्वराचें नांवहि तितक्या सहजपणें घेत नसतील. आमच्यासारख्या परदेशी विद्यार्थिनींना नकाशा उघडण्यापूर्वीं पासपोर्ट उघडावा लागतो. आम्ही तिघी होतों. एक बांगलादेशांतील चितगांवची, एक घानांतील आक्रा शहरची, आणि तिसरी मी, श्रीवर्धन तालुक्यांतील एका खेड्यांतली. आमच्यांपैकीं एकीचा व्हिसा एकदांच प्रवेश देणारा होता. सीमेबाहेर पाऊल पडलें तर परत येण्यासाठीं वकिलातीच्या दारांत पुनश्च उभें राहावें लागेल अशी धास्ती होती. तेव्हां समुद्र हवा, ऊन हवें, माड हवेत, परंतु कायद्याच्या दृष्टीनें देश तोच हवा, अशी आमची मोठी चमत्कारिक मागणी होती. ती पुरी करणारें, आणि विद्यापीठांत शिकवणीचें काम करून मिळणाऱ्या आमच्या तुटपुंज्या वेतनांत बसणारें, एकच बेट आम्हांला सांपडलें. तें कॅरिबियन समुद्रांतील प्वेर्तो रिको.

हें बेट आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडेंसेंच मोठें आहे. तेथील मूळचे ताइनो लोक त्याला बोरिकेन म्हणत. १४९३ मध्यें कोलंबसाचीं जहाजें तेथें लागलीं, १५०८ पासून स्पॅनिश वसाहत सुरू झाली, आणि १८९८ च्या युद्धानंतर स्पेननें तें अमेरिकेच्या हवालीं केलें. त्यामुळें अमेरिकेंतून तेथें जाणारें विमान हें देशांतल्या देशांत जाणारें विमान ठरतें. उतरल्यावर पासपोर्टावर शिक्का बसत नाहीं, आणि कशासाठीं आलांत म्हणून कोणी विचारीत नाहीं. समुद्र ओलांडूनहि आम्ही परदेशीं गेलों नाहीं. जितक्या परक्या होतों तितक्याच राहिलों.

निघण्यापूर्वीं नकाशा पाहतांना एक गोष्ट माझ्या लक्षांत आली. प्वेर्तो रिको विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १८ अंशांवर आहे, आणि माझें गांवहि १८ अंशांवरच आहे. आमच्या किनाऱ्यावरून कोणी होडी सोडली आणि सुकाणूं न वळवतां तो नीट पश्चिमेस जात राहिला, तर मध्यें अरबस्तान आणि आफ्रिका आडवीं नसतीं तर तो या बेटाच्या आसपासच कोठें तरी लागला असता. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितकाच त्या जागेचा अक्षांश, हें आपण शाळेंत शिकतों. आजोबांनीं मला तो वाडीच्या उत्तरेकडील माडांच्या शेंड्यांत दाखवला होता. मिनेसोटांत पाहावें तों तो निम्म्या आकाशावर चढून बसलेला! लुकीयो नांवाच्या किनाऱ्यावरच्या गांवीं आम्ही पोहोंचलों त्या रात्रीं मीं उत्तरेकडे समुद्रावर पाहिलें, तर तो पाण्यापासून दोन मुठी वर, आपल्या नेहमींच्या जागीं होता. उंच माडीवर जाऊन बसलेलें घरांतलें वडील माणूस खालीं ओटीवर येऊन बसावें, तसें मला वाटलें.

त्या रात्रीं झोंप मात्र लागली नाहीं. अंगठ्याएवढा एक बेडूक त्या बेटावर झाडोझाडीं असतो, आणि अंधार पडला कीं 'को-की, को-की' असें एकसारखें ओरडतो. त्यावरून त्याचें नांवहि कोकी. हांक मारतो तो नर. आपले बेडूक मृगाची वाट पाहतात, यांना ती गरज नाहीं. बारा महिने रात्र त्यांचीच. यांच्या अंड्यांतून शेपटीचें पिलूं न निघतां एकदम इवलासा पुरा बेडूक बाहेर पडतो, आणि तोंवर अंड्यांची राखण बापच करीत बसतो. आमच्या यजमानीणबाई म्हणाल्या, "बेट सोडून गेलेल्यांना तिकडच्या शांततेंत झोंप येत नाहीं." हें त्या पाहुण्यांच्या करमणुकीसाठीं नेहमींच सांगत असाव्यात असें वाटलें. त्यामागें आणखी कांहीं होतें हें दोन दिवसांनीं कळलें.

या बाईंना आम्ही 'दोन्या' म्हणत होतों. आपल्याकडे वडील बाईला काकू म्हणतात तसा तो त्यांच्या स्पॅनिश भाषेंतला आदराचा शब्द आहे. वय साठीच्या पुढचें, अंग स्थूल, हात मात्र विलक्षण चपळ. घराच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देत. माझ्या मैत्रिणींना त्या खोल्यांत समुद्राचा वारा आणि खिडकींतला जास्वंद दिसला. मला दुसरेंच कांहीं दिसत होतें. पहाटे पाण्याची टाकी भरण्याचा आवाज, उन्हाकडे पाहून ठरणारी चादरी धुण्याची वेळ, टॉवेल मोजतांना हलणारे ओंठ, आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर पडतांना चेहऱ्यावर चढवलेलें हंसूं, हें सगळें माझ्या ओळखीचें होतें. माझी आईहि असेंच करते.

आमच्या घरीं पाहुणे ठेवण्याची चाल पूर्वीं नव्हती. आम्ही सुपारीवाले. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला मोठें नांव आहे, आणि आमच्या वाडींत पणजोबांच्या वेळेपासूनच्या पोफळी होत्या. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर येऊन आदळलें. दुपारपर्यंत जी वाडी होती तिच्या जागीं संध्याकाळीं आडवीं पडलेलीं खोडें होतीं. पोफळीला फळ धरण्यास सहासात वर्षें तरी लागतात. तोंवर खायचें काय, हा प्रश्न वडिलांनीं विचारला नाहीं. तो आईनें विचारला, आणि उत्तरहि तिनेंच दिलें. पुढच्या दोन खोल्यांना रंग दिला, आणि फाटकावर 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशी पाटी लागली. तेव्हांपासून पुण्यामुंबईचीं माणसें सुट्टीला म्हणून आमच्याकडे येतात. त्यांची सुट्टी म्हणजे आमचे कामाचे दिवस. पाहुण्यांनीं समुद्राचें कौतुक केलें कीं आई 'हो, हो' म्हणते आणि मोदकांच्या उकडीकडे लक्ष ठेवते.

दोन्यांचेंहि तसेंच झालें होतें. २० सप्टेंबर २०१७ रोजीं मारिया नांवाचें वादळ त्या बेटावरून एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे गेलें. सगळ्या बेटाची वीज गेली, ती शेवटच्या घरापर्यंत परत पोहोंचण्यास सुमारें ११ महिने लागले. त्या वादळानें आणि त्यानंतरच्या हालांनीं मेलेल्यांचा आंकडा सरकारनें पुढें २,९७५ असा मान्य केला. दोन्या हें सांगत होत्या तेव्हां हातानें केळीं सोलीत होत्या. मीं त्यांना आमच्या वाडीचें सांगितलें. त्यांनीं विचारलें, "किती झाडें?" वादळाचें नांव, वाऱ्याचा वेग, कांहीं विचारलें नाहीं, फक्त झाडें विचारलीं. ज्याचीं झाडें गेलीं आहेत त्याचाच हा प्रश्न असतो.

"म्हणजे तुझी आईहि पाहुणे ठेवते," त्या म्हणाल्या. "मग तिच्या मदतीला कोण?"

"वडील आहेत," मी म्हणालें.

त्या हंसल्या. वडिलांची मदत सगळ्या देशांत सारखीच असते, असा त्या हंसण्याचा अर्थ मला लागला. मग त्यांनीं आपल्या मुलीचें सांगितलें. मारियानंतर तिसऱ्या महिन्यांत ती फ्लोरिडांतील ऑर्लँडोला गेली. दोन महिन्यांसाठीं गेली होती. "परत केव्हां येणार म्हणून विचारलें तर 'ठरवीन' म्हणाली. अजून ठरवतेच आहे. तूं परत जाणार का, मिहा?" मिहा म्हणजे माझी लेक.

मीं म्हटलें, "पदवी झाल्यावर ठरवीन."

हा शब्द तोंडांतून बाहेर पडल्यावर मग आम्ही दोघीहि कांहीं वेळ बोललों नाहीं.

पुढें दोन दिवस त्यांच्या मुलीचा विचार माझ्या मनांतून जाईना. बेटावरच्या लोकांना १९१७ पासून अमेरिकेचें नागरिकत्व आहे. त्या मुलीला जावयास व्हिसा लागला नाहीं, यावयासहि लागणार नाहीं. वकिलातीची रांग, मुलाखत, मुदत संपण्याची धास्ती, यांपैकीं कांहींच तिच्या वाट्याला नाहीं. तिकिटाचे पैसे असले कीं झालें. आम्ही तिघी जिला सुख म्हणतों तें हेंच. परंतु जाणें सोपें असलें म्हणून येणें सोपें होतें असें दिसत नाहीं. २०१० च्या शिरगणतींत त्या बेटावर ३७ लाखांवर माणसें होतीं, २०२० मध्यें सुमारें ३३ लाख राहिलीं. माणूस परत फिरत नाहीं याचा दोष मी आजवर कागदांवर ठेवीत आलें होतें. येथें कागदाची अडचण मुळींच नव्हती, आणि तरीहि मागची खोली रिकामी होती. तिच्यांतच आम्ही उतरलों होतों.

यांत आणखी एक गंमत आहे. बेटावर राहणाऱ्या या नागरिकांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकींत मत नाहीं. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिसभेंत त्यांचा एक माणूस बसतो, त्यालाहि कायदा मंजूर करतांना मत देतां येत नाहीं. तोच नागरिक विमानांत बसून फ्लोरिडांत राहावयास गेला कीं त्याला मत मिळतें, आणि परत येऊन राहिला कीं जातें. म्हणजे दोन्यांच्या मुलीला राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा हक्क आहे, दोन्यांना नाहीं. जो घर धरून बसला त्याची किंमत कमी, ही रीत कायद्याच्या पुस्तकांत इतकी स्पष्ट लिहिलेली मीं प्रथमच पाहिली. आपल्याकडे ती लिहिलेली नाहीं, एवढेंच. कोंकणांतला कर्ता माणूस मुंबईला आणि म्हातारीं माणसें घरीं, ही कथा जुनीच आहे. २०११ च्या शिरगणतींत रत्नागिरी जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें अकराशेंहून अधिक स्त्रिया होत्या. गेलेल्यांचें मत मुंबईंत ऐकलें जातें. घर झाडणाऱ्यांचें कोण ऐकतो?

याचा अर्थ आम्हीं सुट्टी उपभोगली नाहीं असा मुळींच नाहीं. आम्ही एल युंके पर्वतावरच्या पावसाळी अरण्यांत गेलों, आणि तेथल्या नेच्यांच्या झाडांखालीं भिजून चिंब झालों. सान हुआनच्या जुन्या शहरांत निळसर दगडी विटांच्या गल्ल्यांतून एल मोर्रो किल्ल्यावर चढलों. १५३९ मध्यें बांधावयास घेतलेला हा किल्ला खाडीच्या तोंडावर असा बसला आहे कीं पाहतांक्षणींच जंजिऱ्याची आठवण यावी. आणि मुख्य म्हणजे आम्ही पोहलों. समुद्राच्या कांठीं जन्मलेली मी, परंतु घोट्याच्या वर पाण्यांत कधीं गेलें नव्हतें. आमच्याकडे समुद्र हा पुरुषांच्या कामाची किंवा पाहुण्यांच्या खेळण्याची जागा. घरच्या मुलींनीं त्याच्याकडे पाहावें, फार तर गणपतीच्या विसर्जनाला जावें. चितगांवच्या मैत्रिणीचीहि तीच तऱ्हा. आक्राच्या मैत्रिणीनें आम्हां दोघींना हात धरून पाण्यांत नेलें, आणि तिसऱ्या दिवशीं आम्ही उताण्या पडून तरंगूं लागलों. कान पाण्याखालीं गेले कीं जगाचा आवाज बंद होतो आणि आपलाच श्वास ऐकूं येतो. सुट्टी या शब्दाचा अर्थ मला तेव्हां कळला. आमच्याकडे येणारे पाहुणे पुन्हां पुन्हां कां येतात, तेंहि कळलें.

सान हुआनमधील रिओ पिएद्रासच्या मंडईंत एके दिवशीं फिरत असतां एका टोपलीवरच्या पाटीनें माझे पाय थांबवले. पाटीवरचीं अक्षरें जुळवून वाचलीं तर शब्द निघाला 'बटाटा', त्यांच्या उच्चारानें 'बाताता'. टोपलींत मात्र रताळीं होतीं. चौकशी केली तेव्हां उलगडा झाला. हा शब्द मूळचा त्या भागांतील ताइनो लोकांचा, आणि त्यांच्या भाषेंत तो रताळ्याचाच आहे. स्पॅनिश लोकांनीं तो उचलला, पोर्तुगीजांनीं घेतला, आणि त्यांच्या जहाजांतून तो दुसऱ्याच एका कंदाला चिकटून आपल्या किनाऱ्यावर उतरला. ज्यांचा हा शब्द त्या ताइनोंची रोगराईनें आणि वेठबिगारीनें कांहीं दशकांतच वाताहत झाली. त्यांची भाषा आज कोणी बोलत नाहीं. आणि आमच्या स्वयंपाकघरांत आई चतुर्थीच्या उपासाला त्या भाषेंतला एक शब्द रोज वापरावा तितक्या सहजपणें वापरते.

उलट दिशेचा व्यवहारहि झालेला आहे. ज्या माडांच्या चित्रांवाचून त्या बेटाची एकहि जाहिरात पुरी होत नाहीं तो माड तेथला नव्हे. हिंदी महासागराच्या बाजूनें पोर्तुगीजांनीं तो अटलांटिकांत नेला, आणि केप व्हर्द बेटांवरून सोळाव्या शतकांत तो तेथें पोहोंचला. आंबाहि आपल्याच बाजूचा. आपल्याकडे आले ते अननस, पपई, काजू तिकडच्या खंडांतले. हिरवीं केळीं तळून, लसूण घालून उखळांत कुटून तेथें मोफोंगो नांवाचा पदार्थ करतात. दोन्यांनीं तो वाढला तेव्हां आक्राची मैत्रीण पहिल्याच घांसाला गप्प झाली. तिच्या आजीच्या उखळांतला फुफू तो हाच, फक्त नांव बदललेला; गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर तो समुद्रापार गेला होता. फळें, शब्द आणि चवी जेथें जातील तेथल्या होऊन राहतात, आणि कोणी त्यांना 'परत केव्हां जाणार' म्हणून विचारीत नाहीं. हा प्रश्न फक्त माणसांना, कारण माणसांच्या मागें कोणी तरी टॉवेल मोजत बसलेलें असतें.

निघतांना दोन्यांनीं परसांतल्या आंब्याची एक कैरी माझ्या हातांत ठेवली. तो आंबा वादळांत अर्धा मोडला होता, पुन्हां फुटला होता. परंतु सान हुआनच्या विमानतळावर, माणसांचे पासपोर्ट न पाहतां सामान तपासणारें एक शेतकी खातें आहे. किडीच्या भीतीनें कांहीं फळांना बेटावरून मुख्य भूमीवर जातां येत नाहीं, आणि आंबा त्यांपैकींच एक. तपासनीसानें कैरी सौजन्यपूर्वक काढून घेतली. आम्हीं परक्यांनीं बेखटके जावें आणि त्या भूमीच्या फळानें मात्र मागें राहावें, याचें मला हंसूं आलें. आपल्या आंब्यालाहि त्या देशांत शिरण्यास २००७ साल उजाडावें लागलें, आणि तेंहि लासलगांवच्या केंद्रांत किरणांची प्रक्रिया करून घेतल्यावरच.

विमानाला अवकाश होता, म्हणून घरीं फोन लावला. तेथें सकाळचे साडेआठ म्हणजे आमच्याकडे संध्याकाळचे सहा, दिवेलागणीची वेळ. मला वाटलें होतें कीं आई समुद्राचें विचारील. तिनें विचारलें, खोल्या किती, भाडें किती, नाश्ता त्यांतच का निराळा, पाणी पुरतें का, आणि पाहुणे वाळू झटकून आंत येतात का. मी सांगत गेलें. कैरीचें सांगितलें तेव्हां म्हणाली, "फोडी करून मीठ लावून द्यायची. तुझ्या त्या काकूंना कळवून टाक." दोन्या माझ्या काकू झाल्या, हें तिनें परस्पर ठरवलें.

मग ती म्हणाली, वादळानंतर लावलेल्या पोफळींपैकीं दोघींना यंदा फुलोरा आला आहे. वडील रोज सकाळीं जाऊन पाहून येतात, बोलत नाहींत.

"मे महिन्यांत येतेस का?" तिनें विचारलें. "पाहुण्यांचा हंगाम आहे, दोन हात मिळाले तर बरें. मात्र आलीस कीं मागच्या दारानें ये हो. पुढच्या खोल्या भरलेल्या असतील."